मेंदी कुणाच्या हातावर?

श्रावण सरला की आमच्या नागपुरात सणांची रांगच लागते. आधी पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, मग दोनच दिवसांनी हरितालिका, लगेच गणपती आणि पाठोपाठ महालक्ष्म्या. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: महालक्ष्म्या म्हणजे तुमच्या गौरी. आमच्याकडे त्यांना गौरी म्हटलं की आजी-काकू दुरुस्त करतात.) या सगळ्या गडबडीत हरितालिकेचा आदला दिवस असतो मेंदीचा. बर्डीवर, गोकुळपेठेत, महालात कॉस्मेटिक्सच्या दुकानांसमोर मेंदीवाले स्टुलं टाकून बसतात आणि दोन्ही हात पुढे करून बसलेल्या बायकांच्या पर्सेस शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यांच्या खांद्यावर असतात. :)

खरं तर या शहरात मेंदीचा हंगाम बराच लांब चालतो, कारण नागपूर एकट्या मराठी माणसांचं नाहीच. इतवारीतल्या मारवाड्यांची तीज असते आणि तिच्या आदल्या दिवशी सिंजारा, म्हणजे खास मेंदी लावायचा दिवस. जरीपटक्याचे सिंधी तीजडी करतात. आमच्या हरितालिकेच्याच तिथीला छत्तीसगढी बायकांचा तीजा असतो आणि त्यासाठी त्या माहेरी जातात. पंजाब्यांची करवा चौथ दिवाळीच्या आधी येते. मोमिनपुऱ्यात ईदच्या आदल्या रात्री जी मेंदी रंगते तिची तर बातच और. म्हणजे मेंदी एक, पण तिचं निमित्त प्रत्येकीचं वेगळं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 'पारंपरिक मेंदी' हा शब्द. हल्ली जिथे तिथे तो दिसतो. मेंदीवाल्याकडचा अल्बम उघडला (आता अल्बम जाऊन मोबाईल आला) की त्यात अरेबिक, राजस्थानी, इंडो-अरेबिक, ब्रायडल असे भाग असतात आणि 'पारंपरिक' म्हणून जे दाखवतात त्यात मोर, कैऱ्या, जाळी, डोलीतली नवरी, सनईवाले आणि कुठेतरी लपवलेलं नवऱ्याचं नाव असतं. सुंदर असतं, यात वादच नाही. मला स्वतःला ती बारीक जाळी फार आवडते. पण ही परंपरा कुणाची? आमच्या घरची तर नव्हे.

आमच्या घरची परंपरा म्हणजे तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा चंद्र, त्याच्याभोवती ठिपके आणि बोटांच्या पेरांना टोप्या. संपलं डिझाईन. अगदीच हौस असेल तर काडेपेटीच्या काडीनं एखादी वेल, नाहीतर स्वस्तिक. ज्या मुलीला धीर नसेल तिच्या मुठीत वाटलेल्या मेंदीचा गोळाच द्यायचा, मूठ मिटायची आणि वरून फडकं बांधून झोपवायचं. सकाळी उघडलं की हातभर लाल! नागपूरच्या जुन्या बंगल्यांना आणि सरकारी क्वार्टरांना मेंदीचीच कुंपणं असत. त्या कुंपणाचा पाला ओरबाडून आणायचा, त्यात काथ, चहाचं पाणी, लिंबू घालायचं आणि पाट्यावर मेणासारखं वाटायचं. लग्नात हळद आणि हिरवा चुडा महत्त्वाचा, मेंदी असली तर असली. मेंदीचा वेगळा समारंभ आमच्याकडे आला तो बराच नंतर. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' आणि १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया' येऊन गेल्यावर आपल्या लग्नांची एकूण तऱ्हाच बदलली, हे माझ्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

बदललं म्हणून माझी तक्रार नाही. नक्षी कुठूनही यावी, छान असेल तर घ्यावी. पण नक्षीबरोबर आणखीही काही आलं आणि ते मात्र आपण न बघता घेतलं. ते म्हणजे मेंदी ही सवाष्णीची खूण, हे. आणि खूण म्हटली की कुणाला ती लावायची आणि कुणाला नाही हेही आपोआप ठरतं.

आता आमच्या घरातलंच एक सांगते. माझी एक वहिनी आहे, चुलतभावाची बायको. (तिला विचारूनच लिहिते आहे.) २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. माझा भाऊ त्यातच गेला. वहिनी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिचा हात मेंदीला असा काही बसलेला आहे की लग्न होऊन आली त्या वर्षापासून आमच्या घरातल्या सगळ्या मुलींच्या हातांवर तिनंच मेंदी काढली. त्यांच्या लेआऊटमध्ये दर वर्षी हरितालिकेच्या आदल्या दिवशी मेंदीचा कार्यक्रम असतो. आमंत्रणात लिहिलेलं असतं, "समस्त सौभाग्यवती भगिनींना". दोन वर्षं वहिनी गेली नाही. तिसऱ्या वर्षी शेजारच्या काकू बोलवायला आल्या, "अगं, ये नं बाई. तुझ्यासारखा हात कोणाचा चालते? काढून दे पोरींना." ती गेली. दुपारी तीनपासून संध्याकाळी सातपर्यंत तिनं वीस-पंचवीस हात रंगवले. सगळ्यांनी वाहवा केली, चहा दिला. मग आवराआवर झाली आणि उरलेले दोन अर्धे कोन कुणीतरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले.

त्यात कुणाचंही मन वाईट नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. त्या काकू एप्रिलमधल्या त्या दिवसांत रोज दारात डबा ठेवून गेलेल्या आहेत. वहिनीनंही घरी येऊन रडगाणं गायलं नाही. खूप दिवसांनी, कशावरून तरी विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाली, "मी नाहीच म्हटलं असतं गं. पण विचारायचं तरी होतं."

मला वाटतं या सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. पण त्याआधी आपण न विचारण्याची जी कारणं देतो ती एकदा बघू या.

पहिलं कारण म्हणजे मेंदी सौभाग्याची आहे. बरं. आपल्याकडे सौभाग्यलेणी कोणती? कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, जोडवी. या यादीत मेंदी कधी होती? उत्तरेकडच्या सोळा शृंगारात ती आहे, तिकडे तिला तसा मान आहे, ते त्यांचं. आपल्याकडे मात्र नवरा गेला की कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची असा जो क्रूर प्रकार चालत आला, त्यातसुद्धा मेंदीचं नाव नाही. तशी ती पुसताही येत नाही म्हणा. मेंदी आपली आपण जाते, कातडी झडते तशी, दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे जी गोष्ट आपल्या रूढीनंसुद्धा बाईकडून मागितली नव्हती, ती आपण शिकल्या-सवरल्या बायकांनी सिनेमे आणि मालिका बघून काढून घेतली.

माझी आजी, वडिलांची आई, महालातल्या वाड्यात राहायची. आजोबा लवकर गेले. सगळ्या वाड्याची मेंदी तिच वाटायची, कारण तिच्याइतकी बारीक कुणाला जमायची नाही. आणि ज्यानं पाट्यावर मेंदी वाटली आहे त्याला माहीत आहे की वाटणाऱ्याचे हात सगळ्यांच्या आधी रंगतात. आजीच्या हातावर कुणी चंद्र काढला नाही, टोप्या काढल्या नाहीत, पण वाड्यात सगळ्यांत लाल हात तिचे असत, आणि त्यावर कुणी ब्र काढला नाही. याला मी उदारपणा म्हणणार नाही. कामाच्या वाटेनं जे आलं ते चाललं, हौसेच्या वाटेनं चाललं नसतं. तरीपण रंग तिच्यापर्यंत पोचत तरी होता. आता पाटा गेला, कोन आला. कोन धरणाऱ्याचे हात कोरडेच राहतात. त्या दिवशी वहिनीचे राहिले तसे.

दुसरं कारण हरितालिकेचं. हे व्रत नवऱ्यासाठी, मग नवरा नसलेल्या बाईचं तिथे काय काम? इथे मला कहाणी आठवते. आपण दर वर्षी ऐकतो, पण ऐकतो कुठे! पार्वतीनं हे व्रत केलं तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. वडिलांनी तिला विष्णूला द्यायचं ठरवलं, तिला ते नको होतं, तेव्हा तिच्या सखीनं तिला उचलून अरण्यात नेलं. तिथे तिनं वाळूची पिंड केली, उपास केला, रात्रभर जागली. 'आलि' म्हणजे सखी. सखीनं हरण करून नेली म्हणून हरितालिका. म्हणजे आख्ख्या सणाचं नाव नवऱ्यावरून पडलेलं नाही, मैत्रिणीवरून पडलेलं आहे! एक मुलगी अडचणीत होती आणि दुसरीनं तिचा हात धरला, एवढी ती गोष्ट. आणि त्याच सणाला आपण एकीचा हात तेवढा सोडून देतो.

शिवाय आमच्याकडे तरी कुमारिका हरितालिका करतात, लग्न झालेल्या करतात, आणि आजीनं आजोबा गेल्यावरही हा उपास शेवटपर्यंत सोडला नाही. "हा उपास धरला की मरेपर्यंत सोडायचा नसते," म्हणायची. उपाशी राहायला चालते, रात्र जागायला चालते, फक्त मेंदीलाच चालत नाही, हा कुठला न्याय?

तिसरं कारण जे बोलून दाखवत नाहीत पण मनात असतं. मेंदी जितकी गडद रंगेल तितकं नवऱ्याचं प्रेम जास्त, असं म्हणतात. थट्टा म्हणून ठीक आहे, मीही करते. पण त्या थट्टेतून असं ठसतं की मेंदीच्या रंगाचा मालक नवरा. त्याबद्दल थोडं शास्त्र सांगते. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं. झाडाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस, त्यावरून ते नाव. हे द्रव्य आपल्या कातडीतल्या केराटिनला जाऊन चिकटतं. तळहात-तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथे रंग जास्त चढतो आणि मनगटावर फिका पडतो. काढल्याबरोबर रंग नारिंगी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हवा लागून गडद होतो. लिंबू-साखरेचं पाणी लावतात ते मेंदी ओली आणि चिकटून राहावी म्हणून. थोडी ऊब, भरपूर वेळ आणि ताजी मेंदी एवढं मिळालं की रंग येतोच. त्यात प्रेमाचा कुठेच संबंध नाही, नवऱ्याचा तर नाहीच नाही. (तो रात्रभर पाणी पाजतो, घास भरवतो, मच्छर हाकलतो, तेवढं श्रेय द्यायला हरकत नाही.)

या गडद रंगाच्या हट्टापायी आणखी एक संकट आलं आहे, तेही सांगून टाकते. दहा मिनिटांत काळाभोर रंग देणारे कोन मिळतात. मेंदी काळी नसतेच. तसा रंग आणायला बरेचदा केसांच्या कलपात असतं ते पीपीडी नावाचं रसायन मिसळतात. ते कातडीवर थेट लावायचं नसतं. फोड येतात, आणि एकदा त्याची अॅलर्जी झाली की जन्मभर राहू शकते. आमच्या ओळखीतल्या एका नव्या नवरीच्या हातावर मेंदी होती तिथे तिथे, अगदी वेलबुट्टीच्या आकारात फोड आले होते. सासरी पहिली हरितालिका, रंग कमी दिसला तर लोक काय म्हणतील, म्हणून तिनं तो कोन घेतला. म्हणजे बघा, एका भाबड्या समजुतीनं एकीचा हात भाजला आणि दुसरीचा कोरडा ठेवला.

बाहेर जग काय करतं तेही बघायला हरकत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं मेंदीचे रीतिरिवाज अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते सोळा अरब देशांनी मिळून केलेल्या अर्जावरून. आपल्याकडे राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मेंदी ना एका धर्माची, ना एका देशाची. मुसलमान समाजात नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते, त्या काळात शृंगार नाही, मेंदी नाही. पण चार महिने दहा दिवसांनी ते बंधन संपतं. दुःखाचा काळ तिथेही आहे, पण त्याला शेवट आहे. आपल्याकडे तेराव्या दिवशी सगळ्या घराचं सुतक फिटतं, एका बाईचं फिटत नाही.

यावर कुणी म्हणेल, काळ बदलला, आता कोण पाळतं? खरंच बदलला असता तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला नसता. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, आणि बांगड्या फोडू नका हे गावानं ठरवलं २०२२ मध्ये! त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला त्या गावाचं फार कौतुक वाटतं. पण आमच्या लेआऊटला ग्रामपंचायत नाही, आणि मेंदीच्या कार्यक्रमासाठी कुठलं सरकार परिपत्रक काढणार? ते आपलं आपल्यालाच बघावं लागेल. नागपूरकरांना तर रस्ताही माहीत आहे. मारबतीबरोबर दर वर्षी बडगे निघतात, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कशाकशाचा. एक बडग्या 'सौभाग्यवतींना आमंत्रण'चा काढा म्हणावं!

दोन आक्षेप मात्र मला खरे वाटतात.

एक असा की काही बायकांना स्वतःलाच नको असतं. मनापासून नको असतं. माझ्या एका मावशीला विचारलं तर हात मागे घेते, "नको गं, त्यांच्यासोबतच गेलं ते सगळं." तिच्या हातात जबरदस्तीनं मेंदी भरणं हाही अन्यायच. सुधारणा करायच्या उत्साहात आपण कुणाचं दुःख प्रदर्शनाला मांडू नये. चार जणींत बसवून, फोटो काढून, "बघा, आम्ही किती पुढारलेले" असं तर अजिबात नको.

दुसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा. ती म्हणते, "हा सगळा पसाराच पुरुषांसाठी आहे. मेंदीच सोडून द्या ना." तिचं पटतं, पण अर्धंच. मला मेंदीचा वास आवडतो. वाळलेल्या मेंदीची खपली काढताना येणारी मजा आवडते. हात अडकलेत म्हणून दोन तास कुणी काही काम सांगत नाही, हे तर फारच आवडतं. बायकांच्या वाट्याला आलेल्या थोड्या सुखांपैकी हे एक आहे. वाईट रूढी नको म्हणून सुखही टाकून द्यायचं? त्यापेक्षा ते सगळ्यांना वाटून द्यावं.

म्हणून माझं म्हणणं फार मोठं नाहीये. आमंत्रणातला 'सौभाग्यवती' काढून तिथे 'सर्व महिला' लिहावं. यात विधवा आल्या, घटस्फोट झालेल्या आल्या, लग्न न केलेल्या आल्या, आणि कुणाला दारात थांबून आपण कुठल्या खान्यात बसतो ते ठरवावं लागत नाही. आणि कार्यक्रमात प्रत्येकीला, प्रत्येकीला म्हणजे खरंच प्रत्येकीला, विचारावं, "तुझा हात दे नं." ती हो म्हणाली तर काढावी. नाही म्हणाली तर तिच्या नाहीचा मान ठेवावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं. कारण माणसाचं मन दर वर्षी तेच राहत नाही, आणि एकदा नाही म्हटलं म्हणून कायमचं वगळलं गेलं की मग हो म्हणायला तोंड उघडत नाही.

घरच्या मंडळींना, म्हणजे जे नातेवाईक हे वाचून मला फोन करणार आहेत त्यांना, आत्ताच सांगून ठेवते. यात कुणाला दोष द्यायचा नाहीये. आपण सगळेच न विचारणाऱ्यांत होतो. शास्त्रात कुठे लिहिलंय असं विचारायचं असेल तर उलट मीच विचारते, मेंदी विधवेनं लावू नये हे कुठल्या कहाणीत आलंय? आपल्या आजीच्या लाल हातांना तर कुणी शास्त्र विचारलं नव्हतं.

आणि मेंदी काढता येत नाही ही सबब सांगू नका. मोर-जाळी राहू द्या त्या स्टुलावरच्या कलाकारांना. आपल्या घरचं डिझाईन आहे की: मधोमध रुपयाएवढा चंद्र, भोवती ठिपके, बोटांना टोप्या. पाच मिनिटांचं काम. त्याला हातात कला लागत नाही, समोरचीचा हात हातात घ्यावा लागतो एवढंच.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? आणि ती कधीपासूनची? घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला एकदा विचारून बघा. उत्तर ऐकून झालं की तिलाही विचारा, मेंदी लावू का म्हणून.